तानाजीच्या खाटेचा हूक

नव्वदच्या दशकात मी काश्मीरमध्ये एका बटालियनमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. पट्ट्या, इंजेक्शनं, तापाच्या गोळ्या हे रोजचं काम. जवान आम्हाला ‘डॉक्टर’ म्हणायचे. खरे डॉक्टर जवळपास नसले की आम्हीही खुशाल ओ द्यायचो.

आमच्याच बटालियनमधला नाईक तानाजी गगनबावड्याकडचा, मी शाहूवाडीचा, दोघंही कोल्हापूरकडचे. गस्तीवर असताना त्याच्या मणक्यात गोळी घुसली. रेडिओवर एवढंच आलं, “एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो.” तो वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं. लघवीसाठी कायमचा कॅथेटर बसला. म्हणजे एक रबरी नळी आणि तिच्या टोकाला पिशवी.

पेन्शन घेऊन तो घरी आला. पुढच्या रजेत मी भेटायला गेलो, तर तो तापानं फणफणत होता.

“भावजी, पाणी बी पोटात न्हाय,” त्याची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, म्हणाल्या.

मी वाकळ उचलली. पिशवी त्याच्या कुशीत होती. बघायला येणाऱ्यांना दिसू नये म्हणून तो ती तिथं लपवायचा, आणि लवकर भरू नये म्हणून पाणीही पीत नव्हता. पिशवी अंगापेक्षा खाली नसली की लघवी आतच साचते, मग विष पसरतं. गोळी पचवलेला गडी लाजेपायी मरायला निघाला होता. माझं डोकंच फिरलं.

“पिशवी खाली.”

“लोकांम्होरं?”

“व्हय. ऑर्डर हाय.”

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी औषध सुरू केलं, नळी मी बदलली. गढूळ लघवी वाहू लागली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मग तार वाकवून खाटेच्या कडेला, जमिनीपासून वीतभर वर हूक केला आणि पिशवी त्याला अडकवली.

ताप उतरल्यावर त्याचे तालमीतले वस्ताद आले. त्यांची नजर हुकावर गेली. तानाजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

“ह्यो काय?” त्यांनी विचारलं.

“लघवीची पिशवी हाय, वस्ताद,” तानाजी भिंतीकडं बघतच म्हणाला.

वस्ताद पिशवीजवळ वाकले आणि मला म्हणाले, “भरलीया की. डॉक्टर, कशी सोडायची दाव मला.”

मी दाखवलं. एवढा थोर माणूस गुडघे टेकून भांड्यात पिशवी रिकामी करत होता. “तुझ्या अंगावरची माती ह्याच हातांनी पुसलीया की,” ते म्हणाले. तानाजी रडला, आणि तांब्याभर पाणी प्याला. मलाही राहवलं नाही, मी अंगणात गेलो.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. लेकीला शाळेत जाताना बघितलं, वस्तादांशी भांडला, मला शिव्या दिल्या. शेवटी मूत्रपिंडं थकली. गावच्या स्मारकावर त्याचं नाव नाही, कारण तो लढाईत नव्हे, खाटेवर गेला. तिथं सलामी देताना मी मात्र ते नाव मनात घेतो.

खाट अजून तिथंच आहे. वहिनींनी त्याची फौजेतली टोपी त्या हुकाला अडकवली आहे. टोपी भिंतीवर वर लावा, असं पाहुणे सांगतात.

“ऱ्हाऊ दे तितंच,” वहिनी म्हणतात. “त्यांनी लपवायचं सोडलं, ती जागा हाय ती.”