भाड्याच्या खोलीत तार लावायची नाही

माझ्या नवऱ्याला प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद होता. चांगला चाळिशीतला माणूस, शिरूरजवळच्या कारखान्यात मेंटेनन्सला, आणि सुट्टीच्या दिवशी मांडीवर पाट घेऊन चिमट्याने वीतभर विमानाला चाकं चिकटवत बसायचा. पुण्याहून खोकी आणायचे. आत सगळे सुटे भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला लागलेले असत. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. माझं माहेर राहू गावचं, शेतकऱ्याचं. आमच्याकडे घरात बसलेला पुरुष म्हणजे आजारी नाहीतर जावई. लग्नानंतर मी ह्यांना सरळ विचारलं होतं, "एवढं करून ते उडणार हाय का?" हे म्हणाले, "न्हाई. पण पडणारबी न्हाई."

विमानं जुनी, लढाईतली. त्यांच्या पाठीवर एक खुंटी असते आणि तिथून शेपटीपर्यंत रेडिओची तार ताणलेली असते. खोक्यात सगळं येतं, ती तार येत नाही. आपली आपण करायची. उरलेल्या चौकटीची काडी मेणबत्तीवर धरायची, मऊ पडली की दोन्ही हातांनी सावकाश ओढायची. काडीचा केसाएवढा बारीक धागा होतो. तो गोंदाच्या टिपक्याने दोन्हीकडे चिकटवायचा. तरी मधे थोडा झोळ राहतोच. मग पेटलेली उदबत्ती धाग्याजवळ न्यायची, टेकवायची नाही. ऊब लागली की झोळ निघतो आणि तार ताठ होते. जरा जास्त जवळ गेली की तुटते. हे म्हणायचे, विमान कितीबी चांगलं जोडा, तारेबिगर ते खेळणंच दिसतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पहिल्या विमानाला तार लागली तेव्हा ते खरं वाटायला लागलं, हे मलाही कबूल करावं लागलं.

ते विमान आमच्या पहिल्या खोलीबरोबर गेलं. शिरुरात भाड्याची खोली अकरा महिन्यांची. कधी मालकाच्या मुलाचं लग्न निघतं, कधी मालकाला तिथं दुकान टाकायचं असतं. आमचं विंचवाचं बिऱ्हाड. पहिल्यांदा सामान हलवलं तेव्हा टेम्पोत तार कशाला तरी अडकली. तार चिवट निघाली, तुटली नाही, शेपटीच उपटून आली. ह्यांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "आता भाड्याच्या खोलीत तार लावायची न्हाई. आपलं घर झालं की सगळ्यांना एकदम लावू."

त्यानंतर पाच खोल्या झाल्या आणि नऊ विमानं झाली. एकालाही तार नाही. मी त्यांना बोडकी म्हणायचे.

घर होणारच नव्हतं असं नाही. तळेगाव ढमढेरेच्या बाहेर एक गुंठा घेतला होता. जोत्यापर्यंत काम आलं होतं. रविवारी आम्ही तिथं जायचो आणि हे जोत्यावर चढून, हात पसरून मला दाखवायचे, इथं काचेचं कपाट, इथं दार. दार इतकं अरुंद दाखवायचे की मी म्हणायचे, "मी जाईन का यातून?" मग त्यांचं पोट दुखायला लागलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी ह्यांना वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला आणि माझ्या मोठ्या दिरांना आत बोलावलं. दीर केडगावला असतात. घरातले वडीलधारे म्हणून तेच आता. डॉक्टर म्हणाले, काही महिने. दिरांनी पायऱ्या उतरतानाच ठरवून टाकलं, "त्याला सांगायचं न्हाई. धीर सोडंल." मीही मान डोलावली. आमच्याकडे रोग्याला त्याचा रोग सांगत नाहीत. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, आतून सूज हाय, सहा महिने पथ्य पाळलं की ठणठणीत व्हाल. हे म्हणाले, "बरं."

गुंठा दवाखान्यात गेला. मी म्हटलं, जागा काय, दुसरी घेऊ. मी खोटं फार चांगलं बोलत होते. नव्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून ठेवला होता. मला वाटायचं, मी किती खंबीर आहे.

एका दुपारी बाजारातून आले तर दारातच उदबत्तीचा वास. ह्यांनी जन्मात कधी देवापुढे उदबत्ती लावली नव्हती. आत पाहिलं तर भिंतीला उशी लावून बसले होते. पलंगावर नऊ विमानं ओळीने मांडलेली आणि त्यातल्या दोनांना तारा लागलेल्या.

मी पिशवी खाली ठेवली. "तारा कशाला लावताय? खोली बदलायचीय अजून. ॲग्रीमेंटला पाचच महिने राहिलेत."

वर न बघता म्हणाले, "मला न्हाई बदलायची."

एवढंच. पण मला कळलं की ह्यांना सगळं माहीत आहे, आणि बहुतेक पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पडद्यांचा रंग ऐकून घेतला तेव्हाही. मला त्यांच्या गळ्यात पडून रडायचं होतं. मी म्हणाले, "हात कापतोय तुमचा. द्या इकडं उदबत्ती."

पुढचे तीन आठवडे आम्ही तारा लावत होतो. धागा हे ओढायचे, उदबत्ती मी धरायची. माझ्या हातून चार तारा तुटल्या. चौथ्या वेळी म्हणाले, "एवढी घाई कशाची तुला?" मी म्हटलं, "मला न्हाई घाई." मधेच दिरांचा फोन यायचा. आधी ह्यांच्याशी बोलायचे, मग मला फोन घेऊन बाजूला जायला सांगायचे आणि विचारायचे, "त्याला काय कळलं न्हाई ना?" खोली ती केवढी, बाजूला जाणार कुठं? मी ह्यांच्यासमोरच म्हणायचे, "न्हाई, काय न्हाई." हे उदबत्तीची राख झटकत बसायचे.

नववं विमान झालं त्या दिवशी म्हणाले, "पुढची खोली बदलताना तू एकटी असशील. तारा आधी काप. नेलकटरनं. ठेवल्यास तर शेपट्या जातील."

मी म्हणाले, "बरं."

त्यांच्या मरणाबद्दल आम्ही दोघं बोललो ते एवढंच. पुढच्या महिन्यात हे गेले.

घरमालक आबा भला माणूस. त्यांनी दोनदा ॲग्रीमेंट माझ्या नावानं वाढवून दिलं. आता त्यांच्या नातवाचं लग्न ठरलं आहे, खोली लागणार. मी केडगावला दिरांकडे जायचं ठरलं. आज सकाळी ते टेम्पो घेऊन आले तेव्हा भांडी बांधून झाली होती आणि मी विमानं पुढ्यात घेऊन नेलकटरनं तारा कापत होते. तार कापली की आवाज होत नाही, नुसती एका बाजूला लोंबते.

दीर बघत उभे राहिले. "चांगल्या तारा कशाला कापतेस?"

"शेपट्या मोडतात म्हणून."

ते खाली बसले, एक विमान हातात घेतलं. "शेवटपर्यंत ह्यातच रमला बिचारा. आपण कळू दिलं न्हाई त्याला, तेवढं बरं केलं."

मला संताप आला. त्यांचा नाही, आमचा सगळ्यांचाच. मी म्हणाले, "भाऊजी, त्यांना सगळं ठाऊक होतं. तारा कापायला मला त्यांनीच सांगितलंय."

त्यांना समजायला वेळ लागला. मग विमान हातातच धरून म्हणाले, "मी फोनवर दर बारीला त्याला म्हणायचो, दिवाळीला केडगावला ये. आन् तो येतो म्हणायचा."

ते तिथंच, पोत्याला टेकून, तोंडावर टॉवेल धरून रडत राहिले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. एक तार राहिली होती, ती मी कापली.