मास्तरांचा तक्ता, नानांचे डोळे

तक्तेमास्तर कधी पाठ टेकून बसले नाहीत. खुर्ची असो, बाकडं असो, एसटीची सीट असो, ते कडेवरच बसायचे. अर्धे बसलेले, अर्धे उठलेले. पेणला आमच्या घरी आले की आई म्हणायची, "मास्तर, नीट बसा ना, पोहे टाकते." मास्तर म्हणायचे, "टाका, टाका. मी बसलोच आहे." आणि पोहे होईपर्यंत चार वेळा दारापर्यंत जाऊन आकाश बघून यायचे. पावसाचा अंदाज घ्यायला नव्हे. प्रभू ख्रिस्त परत येणार, ढगावर बसून येणार आणि आपल्या हयातीतच येणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. काळजी एवढीच, की तो नेमका आपण पोहे खात असताना आला तर कसं दिसेल!

मास्तर मूळचे रोह्याचे. पेणच्या शाळेत चौथीला गणित शिकवायचे आणि भाड्याच्या एका खोलीत एकटे राहायचे. बायको लवकर गेलेली, मुलगी रोह्याला आत्याकडे वाढली. आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे जेमतेम अकरा घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, बाकीच्या रविवारी उपदेश मास्तरांचा. आणि मास्तरांचा उपदेश म्हणजे तक्ता. गावात ते तक्तेमास्तर झाले ते त्याच्यामुळेच.

तक्ता मांजरपाटाचा होता, दोन खिळ्यांवर भिंतभर पसरायचा. डावीकडे वधस्तंभ, मग रिकामी कबर, मग ढगावर बसून येणारा प्रभू. ढगाखाली दोन घोळके: एक विश्वास ठेवणाऱ्यांचा, वर उचलला जाणारा, आणि एक बाकीच्यांचा, खाली राहिलेला. त्याच्या पुढे सात वर्षांचं मोठं संकट, सात डोक्यांचं श्वापद, हजार वर्षांचं राज्य, न्याय आणि अगदी उजव्या टोकाला सोन्याचं शहर. मास्तर लाकडी फूटपट्टी घेऊन डावीकडून निघायचे आणि तासाभरात शहरात पोचायचे. वधस्तंभापाशी मात्र आवाज हळू व्हायचा. "इथे आपल्याला माफी मिळाली," म्हणायचे, "आपण काही केलं म्हणून नाही. त्याने केलं म्हणून." एवढं बोलून ते घाईने पुढे सरकायचे. मला लहानपणीही वाटायचं, अजून थोडं थांबले असते तर बरं झालं असतं.

हा तक्ता रंगवला होता पेणजवळच्या जोहे गावच्या नानांनी. नाना गणपतीच्या कारखान्यातले आखणीचे, म्हणजे मूर्तींचे डोळे काढणारे, कारागीर. माती मळणं, साचे भरणं, अंगाला रंग देणं ही कामं घरातली बाकीची माणसं करायची; डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते नानांच्याच हातचे. पेणमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवणारे पुष्कळ होते, पण अक्षरांपलीकडे त्यांची मजल जाईना, म्हणून मास्तर एसटी पकडून जोह्याला गेले. नानांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. दिवाळीच्या आसपासच्या रिकाम्या दिवसांत तक्ता पुरा केला. मास्तरांनी तो उलगडला, तेव्हा श्वापद त्यांच्याकडे चौदा डोळ्यांनी अतिशय मायेने बघत होतं.

शिंगं होती, सुळे होते, अंगावर ठिपकेसुद्धा होते. पण डोळे! लांबट, ओलसर, आत्ताच कोणाचा तरी नवस ऐकून घेतल्यासारखे. मास्तर भडकले. "नाना, हा जगाचा नाश करणारा आहे!" नानांनी डोळे पुसून पुन्हा काढले. ते पहिल्यापेक्षा मायाळू निघाले. "मास्तर," नाना म्हणाले, "इतकी वर्सं ह्येच डोळे काढतोय. माजा हात दुसऱ्या डोळ्यांना जातच नाय." तक्ता तसाच पेणला आला, आणि पहिल्याच रविवारी आम्ही पोरं श्वापदाला हात लावायला पुढे सरसावलो. मास्तर हार मानणारे नव्हते. पुढच्या रविवारी फूटपट्टी आपटून म्हणाले, "बघा, फसवणारा असाच गोड दिसतो. डोळ्यांना भुलू नका." आम्ही भुललेलोच होतो.

ढगावरच्या प्रभूला मात्र चेहरा नव्हता. देवाचं रूप आम्ही काढत नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं, म्हणून तिथे नुसतं पांढरं वर्तुळ. याचा नानांना फार त्रास व्हायचा. ज्याला डोळे नाहीत ते काम त्यांच्या लेखी कारखान्याबाहेर जायच्या लायकीचं नव्हतं. मास्तर भेटले की विचारायचे, "येनार येनार म्हनता, मग तो येऊन बगनार कसा?" मास्तर म्हणायचे, "तो न बघताही ओळखतो." "वळखतो तर बगू द्या की! काय बिगडतंय?" मास्तर ठामपणे मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

तो कधीही येईल आणि आपण मागे राहू, ही मास्तरांची धास्ती आम्हालाही लागली होती. एकदा शाळेतून आले, तर घर उघडं, चूल धुमसतेय, ताटलीत अर्धे खाल्लेले पोहे, आणि आई नाही. हाका मारल्या. कोणी नाही. मला वाटलं, सगळे वर गेले, मी राहिले! धावत मास्तरांच्या खोलीवर गेले. दार उघडून मास्तर बाहेर आले, तेव्हा मी हुंदके देत म्हटलं, "मास्तर, तुम्ही आहात! म्हणजे अजून कोणी गेलं नाही ना?" मास्तर हसले. "नाही गं कमल, मी इथे आहे म्हणजे..." आणि बोलता बोलता त्यांचा चेहराच उतरला. आपणच राहिलो असलो तर? पायांत चपला नीट न सरकवता ते निघाले, मी मागून. भर दुपारी बाजारपेठेतून आम्ही दोघं जवळजवळ पळत सगुणाबाईंकडे गेलो. सगुणाबाई म्हणजे मंडळीतली सगळ्यांत देवभीरू म्हातारी. ती गेली नसेल तर कोणीच गेलं नसणार. ओटीवर बसून ती वाल सोलत होती. "काय हो मास्तर, पाणी देऊ?" तिने विचारलं. मास्तर भिंत धरून उभे राहिले आणि म्हणाले, "द्या." आई शेजारी पापड लाटायला गेली होती. हे मी घरी सांगितलं तेव्हा सगळे हसून लोटपोट झाले, पण मास्तरांचा तो चेहरा मी विसरले नाही. माझ्याइतकेच तेही घाबरले होते.

पाळकसाहेबांना हे सगळं फारसं पसंत नव्हतं. "मास्तर," एकदा ते म्हणाले, "तो आला, आपल्यासाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला. एवढं घट्ट धरा. कधी आणि कसा येणार, ते त्याच्यावर सोडा. ती हजार वर्षंसुद्धा कोणी मोजून धरतात, कोणी नाही धरत." मास्तर म्हणाले, "साहेब, पाहुणा येणार म्हटल्यावर पाणी आधी भरायचं की तो दारात आल्यावर?" पण मास्तरांची खरी तगमग तारखेची नव्हतीच, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

ती होती तक्त्यावरच्या एका माणसाची. खाली राहिलेला घोळका नानांनी भातशेतीच्या बांधावर उभा केला होता. एकदा उन्हात वाळवायला टाकलेल्या तक्त्यावर मास्तरांची नजर गेली, आणि त्यांना दिसलं, की त्या घोळक्यात एक जाडसर माणूस आहे, कानावर कुंचला खोचलेला. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर ते तडक जोह्याला गेले. "नाना, हा कोण?" नाना निवांत म्हणाले, "मीच तो. तुमच्या हिशेबात मी तितंच ना, मास्तर?" आयुष्यभर चौथीच्या पोरांना उत्तर का येत नाही म्हणून उभं करणारा माणूस त्या दिवशी स्वतः उभा राहिला.

तेव्हापासून दर शनिवारी जोहे. मास्तर कारखान्यात बाकड्याच्या कडेवर बसायचे आणि नानांना वधस्तंभापासून सुरुवात करून समजवायचे. नाना आखणी करता करता ऐकायचे, मध्येच "व्हय, व्हय" म्हणायचे. कंटाळायचे नाहीत. "येशू चांगला, मास्तर. त्येच्याबद्दल माजं काय म्हननंच नाय." "मग?" "गनपती झाले की बगू." गणपती व्हायचे, विसर्जन व्हायचं, दिवाळी व्हायची, पुन्हा माती भिजायची. मास्तरांच्या दारामागे एक पिशवी कायम भरलेली असायची: काडेपेटी, बायबलची प्रत, एक धोतर, एक सदरा. आईने एकदा थट्टा केली, "वर गेल्यावर कपडे लागतात का?" मास्तर म्हणाले, "मला नाही लागणार. मागे राहील त्याला लागतील." सदरा त्यांच्या मापाचा नव्हता, चांगला दोन माणसं मावतील एवढा होता. कोणासाठी आहे ते विचारायची गरज नव्हती.

वर्षं गेली. मी त्याच शाळेत शिकवायला लागले. मास्तर निवृत्त झाले. मुलगी रोह्याहून निरोप धाडायची, "बाबा, पेणला आता तुमचं काय आहे?" मास्तर उत्तर द्यायचे, "जोहे आहे."

मग एका आषाढात नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हंगाम तोंडावर, कारखान्यात बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या रांगा, आणि नाना खाटेवर. मास्तर भेटून आले ते आमच्याकडे. आईने पोह्यांचं नाव काढलं तर ऐकूही गेलं नाही. दारात फेऱ्या मारत म्हणाले, "कमल, मी विचारलं, आता तरी बाप्तिस्मा घेणार का. ते म्हणाले, आता काय मागनार तुमच्याकडं, मास्तर, तेवढे त्या ढगावरच्याचे डोळे काडू द्या." चार दिवस त्यांचा जीव टांगणीला. पाचव्या दिवशी तक्ता काखेत मारून आले. "चल. माझ्याच्याने एकट्याने एसटीत चढवत नाही." वाटेत बोलले ते एकच, तेही खिडकीकडे बघत: "मूर्ती नाही करत आपण. डोळेच फक्त."

सुनेने नानांना उशांच्या आधाराने बसवलं, तक्ता फळीवर ताणून धरला. "बारीक कुंचला दे गो, आनि वला फडका पन ठेव," नाना म्हणाले. आखणीत हात चुकला तर रंग ओला आहे तोवर पुसून घ्यायचा, म्हणून कारागिराच्या मांडीवर ओलं फडकं असतंच. डाव्या हाताने उजवा हात धरून नानांनी पांढऱ्या वर्तुळात पापणी ओढली, दुसरी ओढली. बुबुळं भरताना हात खाली घसरला, एकदा आणि पुन्हा एकदा. शेवटी सून हळूच म्हणाली, "बाबा, नजर खाली गेली."

खरंच गेली होती. इतकी वर्षं ढगावरचा प्रभू वर जाणाऱ्यांचा होता. निदान फूटपट्टी तसं सांगायची. आता तो त्यांच्याकडे बघत नव्हता. तो खाली, भाताच्या बांधाकडे, कानावर कुंचला खोचलेल्या माणसाकडे बघत होता. नाना खजील झाले. "चुकलं. थांबा, पुसतो," म्हणत त्यांनी फडकं उचललं. मास्तर बाकड्याच्या कडेवरून उठले आणि त्यांच्या हातातून ते फडकं काढून घेतलं.

"राहू दे, नाना," ते म्हणाले. "पुसायचं नाही."

फडकं हातात घेऊनच मास्तर एसटीत चढले. पेण येईपर्यंत ते घट्ट धरून होते, त्यांच्या धोतरावर फडक्यातल्या जुन्या रंगाचा निळा डाग पडला होता.

त्या वर्षी गणपतींचे डोळे नानांच्या मुलाने काढले. नाना दसऱ्याआधी गेले, बाप्तिस्मा न घेता. मास्तर जोह्याला जाऊन खांदा देऊन आले. रविवारी तक्ता लावला, फूटपट्टी घेऊन डावीकडून निघाले. वधस्तंभापाशी या वेळी बराच वेळ थांबले. रिकाम्या कबरेवरून ढगापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. श्वापद, हजार वर्षं, शहर, सगळं उजवीकडे वाट बघत राहिलं. "तो येणार," मास्तर म्हणाले, "यात मला आजही शंका नाही. पण कोणाला नेणार ते मी इतकी वर्षं तुम्हाला पट्टीने दाखवत होतो. ते माझं काम नव्हतं. मला क्षमा करा." सगुणाबाई तेव्हा नव्वदीच्या होत्या, त्या एकट्याच "आमेन" म्हणाल्या. मला तर मास्तरांचा राग आला होता. माझं सगळं लहानपण ज्या भीतीत गेलं ती त्यांनी दोन वाक्यांत मागे घेतली होती. घरी येऊन मी खूप रडले, आणि मग फार हलकं वाटलं.

त्यानंतर मास्तर रोह्याला मुलीकडे गेले. तक्ता माझ्याकडे ठेवला. दोन वर्षांनी मुलीचा निरोप आला, बाबांचं काही खरं नाही, तक्ता घेऊन ये म्हणतात. मी सकाळची गाडी पकडली. कासू, नागोठणे, प्रत्येक स्टेशनावर गाडी मुद्दाम रेंगाळतेय असं वाटत होतं. पोचले, तर मास्तर खाटेच्या कडेवर बसलेले, पाय जमिनीला लावून. मुलगी म्हणाली, "आडवे होतच नाहीत. झोप लागली तरी असेच." दृष्टी पार गेली होती. मी समोरच्या भिंतीवर तक्ता लावला.

"लावलास?"

"लावला, मास्तर."

"रंग धरून आहेत?"

"श्वापदाचे थोडे उडालेत. बाकी आहेत."

मग मास्तरांनी ज्यासाठी मला बोलावलं होतं ते विचारलं. "तो कुठे बघतोय?"

"खाली, मास्तर. बांधाकडे."

"अजून?"

"अजून."

"नाना आहेत ना तिथे?"

"आहेत."

मास्तर त्याच आठवड्यात गेले. तक्ता आता माझ्या घरी आहे; पाहुण्यांची पोरं अजूनही आधी श्वापदालाच हात लावतात. पण मास्तर म्हटलं की मला तक्ता आठवत नाही, ती दुपार आठवते. "आहेत" म्हणून मी त्यांच्याकडे वळले, तेव्हा त्यांनी पाय वर घेतले होते आणि पाठ भिंतीला टेकली होती.