परत आलेलं पीठ

प्रेमाबाई कळंबच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात चर्चनं त्यांना अडीच महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलं. तिथं मुलांच्या उन्हाळी शिबिरात सेवा करायची होती. आमचं घर बौद्धांचं, त्यांचं ख्रिस्ती, मधली भिंत मात्र एकच. तेव्हा मी या गोष्टीत नाक खुपसलं यात नवल नाही.

दुष्काळाचं वर्ष. रेशनवर अमेरिकेहून आलेला मिलो मिळायचा. लाल, निबर जोंधळा, भाकरी घशात अडकायची. प्रेमाबाईंच्या आई मालनबाई यांच्या कणगीत पांढरी शाळू ज्वारी शेर-दीड शेरच उरली होती. ती त्यांनी जात्यावर दळली आणि पिठाचा डबा लेकीच्या पेटीत ठेवला. "अजून पोतं हाय मागं," असं तिला दडपून सांगितलं.

मालनबाईंना अक्षर येत नव्हतं. पत्रं वाचायची नि लिहायची मी. सातवी पास, म्हणजे गल्लीतली बॅरिस्टरच!

पहिलं पत्र जूनमध्ये आलं. "आई, इथं सकाळी थंड दुधात कसलेसे कोरडे पोहे घालून खातात. नळ उगाच वाहत असतात, मी सगळ्यांच्या मागं जाऊन बंद करते. लोक हसतात, पण माणसं मायेची आहेत. दर रविवारी तुझ्या पिठाची एक भाकरी करते. पहिल्यांदा थापली तेव्हा आवाजानं, मी राहते तिथल्या घरमालकीणबाई धावत आल्या. त्या भाकरीच्या वासानं तू जवळ बसल्यासारखी वाटतेस. तुझी लई आठवण येते."

ही शेवटची ओळ मालनबाईंनी मला चारदा वाचायला लावली. मग हवाईपत्र पदरात बांधून चुलीपुढं जाऊन बसल्या. चुलीवर मिलोचीच भाकरी होती.

दुसऱ्या पत्रात शेवटी लिहिलं होतं, "आई, काल एक गोठा पाहिला. तिथं गुरांपुढं मिलो घातला होता. मला बघवेना. तू तो खात नाहीस ना? घरात शाळू आहे ना?"

"लिही गुलाब," मालनबाई म्हणाल्या, "कणगी भरल्याली हाय म्हन."

"मावशी, खोटं लिहू व्हय?"

"लिही म्हन्ते ना! पोरीला तिकडं घोर लागंल."

मी लिहिलं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. खाली बारीक अक्षरात माझी एक ओळ जोडली, "कणगी रिकामी आहे. मावशी मिलोच खातात." लेकीला खरं कळायला नको का? मला तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं.

जुलैच्या शेवटी प्रेमाबाई आल्या. पेटी उघडून आईसाठी आणलेली शाल काढली. शालीखाली डबा होता. मालनबाईंनी झाकण काढलं. डबा निम्मा भरलेला.

"खाल्लं न्हाईस?" त्यांचा चेहरा उतरला. "नगं वाटलं माज्या हातचं?"

"आई, तू इकडं मिलो खातीस हे कळलं, मग घासच उतरंना. डबा उघडून नुसता वास घ्यायचे, अन् झाकायचे. तुझ्यासाठी ठेवलं ते."

"कुनी कळवलं?"

मालनबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुलाब," त्या हळूच म्हणाल्या, "रोजचा मिलो म्या कशाच्या जिवावर गिळला? माजी लेक तिकडं शाळू खातीया, येवढ्याच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडं लेकीच्या तोंडची आईची चव मी काढून घेतली होती, आणि इकडं आईच्या घासाचा आधार.

मालनबाईंनी परातीत पीठ घेतलं. अडीच महिन्यांचं जुनं पीठ, भाकरी थापताना तीनदा फाटली. "कडू झालं असंल गं," प्रेमाबाई म्हणाल्या. "असू दे," म्हणत मालनबाईंनी ती तव्यावर टाकली, निखाऱ्यावर शेकली आणि मोडली. मायलेकी एकमेकींना खेटून बसल्या. मी उठायला लागले तसा मालनबाईंनी माझा हात धरला आणि पहिला चतकोर माझ्याच हातावर ठेवला.

भाकरी कडू होती. मी कण टाकला नाही.