संघपालदादांनी लावलेला पियानो

सोलापुरात नळाला पाणी येतं त्या सकाळी घरात दुसरं काही होत नाही. मी पिंप भरत होते, माझी लेक सोनम वेणीसाठी खोळंबली होती, आणि बेल असताना कुणीतरी दारावर थाप मारली. सावकाश, तीनदा.

दारात पन्नाशीचे गृहस्थ. कानात मशीन, काखेत पत्र्याची पेटी.

"मी संघपाल. मल्लप्पांनी पाठवलंय. तोंड माझ्याकडं करून बोला ताई, मला ओठावरनं कळतं. बेल वाजली का न्हाय ते समजत न्हाय. थाप हाताला समजती."

मल्लप्पा आमच्या जुन्या, उभ्या पियानोचे सूर लावतात. गेल्या आठवड्यात ते म्हणाले होते, सूर ठीक आहेत, पण बोटानं दाबायची पट्टी आणि आत तारेवर आपटणारी हातोडी यांची जुळणी ढिली पडलीय, माणूस पाठवतो. सोनम हळू वाजवायची तेव्हा निम्मे स्वर उमटतच नसत. ते काम करणाऱ्याला कमी ऐकू येतं, हे मात्र मल्लप्पांनी सांगितलं नव्हतं. माझा चेहरा पडला असावा.

"हिच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंचा बी असाच पडला," सोनमच्या गणवेशाकडे बघत संघपालदादा म्हणाले. "दोन पियानो हायत तितं. बहिऱ्याच्या हातात कसे द्यायचे, म्हणल्या. ते दोन मिळाले की बाकीच्या शाळा बोलवतील, माझं बस्तान बसंल. म्हणून तुमचा नीट झाला पायजे."

बावीस वर्षं ते यंत्रमागावर जॉबर होते. बिघडलेला माग चालू करायचा, हे काम. कान त्या खडखडाटातच गेले. कारखाना बंद पडल्यावर मल्लप्पांनी त्यांना हाताशी घेतलं.

त्यांनी पियानोची पुढची फळी काढली. आत अठ्ठ्याऐंशी हातोड्या ओळीनं उभ्या. आधी एकूण एक स्क्रू आवळला. आपल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं म्हणे. मग एकेक पट्टी हळूच दाबून बघायची; हातोडी तारेच्या अगदी जवळ जाऊन, न टेकता, मागे सुटली पाहिजे. लवकर सुटली तर हळू स्वर विरतो, सुटलीच नाही तर तारेवर अडकून बसते. हे सगळं डोळ्यांनी आणि बोटानं.

मी म्हटलं, "तेल आणून देऊ?"

ते हसले. "पैल्या पियानोला मी तेच केलं. मागावर जे अडंल त्याला तेल. हितं लोकरीचं कापड तेलानं फुगलं, पट्ट्या चिकटल्या. मल्लप्पांनी सगळं कापड बदलाया लावलं. तीन महिने लागले."

आमचे हे ऑफिसला निघताना मला पुटपुटले, "ऐकू येत नाही, मग याला कळणार कसं?"

"साहेब, कपाटाच्या आरशात तुमचे ओठ दिसत्यात की," संघपालदादा मागे न वळता म्हणाले. ह्यांनी डबा न घेताच चप्पल घातली.

दुपारी सोनम शाळेतून आली आणि वाजवायला बसली. संघपालदादा तिच्याकडे नाही, हातोड्यांकडे बघत होते. मध्येच त्यांनी तिला थांबवलं, एक बारीक स्क्रू पाव फेरा फिरवला. "आता वाजव, बाळ. झोपलेलं लेकरू उठू नये इतकं हळू."

मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होते. एकही स्वर गळला नाही. सोनमनं तीच ओळ आपणहून पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा. एरवी तिला सांगावं लागतं.

बाहेर येऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "सगळे स्वर आले, दादा."

"पोरीचे खांदे सैल पडले, तवाच कळलं."

चहा देताना म्हटलं, "शाळेतल्या बाईंना आत्ताच फोन करते. तुमचं नाव सांगते."

कप बशीत ठेवत ते म्हणाले, "फोन नका करू, ताई. बाईंना एक दिवस हितं चहाला बोलवा. मी नसताना. सोनमचं ऐकू द्या, आन् मग सांगा कुणी लावलाय."