झेंडूआडचा नंबर

आमच्या गल्लीत घरावर कॅमेरा बसवणारा मी पहिला. तो बसवायला आलेला माणूस शिडी टेकवता टेकवताच म्हणाला, "काका, तिजोरी कोणत्या खोलीत? एक तिकडे तोंड करून लावू."

मी त्याला सांगितले, की या घरात चोराला मोह पडावा असे काहीही नाही. एक टाइपरायटर आहे, तो त्याला उचलवणार नाही. कॅमेऱ्याचे तोंड रस्त्याकडे हवे. समोरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाचा नोंदणी क्रमांक मला वाचता आला पाहिजे.

"म्हणजे घर नाही राखायचं, रस्ता राखायचा?"

"रस्ता राखणे ज्यांचे कर्तव्य आहे ते राखत नाहीत म्हणून."

हे मी इतक्या चढ्या आवाजात म्हणालो, की तो निमूटपणे शिडीवर चढला. माझा तो राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. परंतु तो समजायचा असेल, तर आमची गल्ली आधी कशी होती हे सांगितले पाहिजे.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी आम्ही मखमलाबादच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधले, तेव्हा नाशिक शहर आमच्या गेटापाशी संपत असे. पुढे द्राक्षबाग होती. बागेत फवारणी सुरू झाली की खिडक्या लावून घ्याव्या लागत. (त्याबद्दल मी बागमालकाला एक पत्र लिहिले होते. उत्तरादाखल त्याने करंडीभर द्राक्षे पाठवली. मी ती परत करण्याच्या विचारात होतो, तेवढ्यात पत्नीने ती शेजारीपाजारी वाटूनही टाकली.) गल्लीत वाहने मोजकीच. दोन-तीन स्कूटर, एका शिक्षिकेची लुना, कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांची जुनी फियाट. पत्नी स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर सांगे, की लुना आली, आज शाळा लवकर सुटलेली दिसते. मी कोर्टाच्या कचेरीत आयुष्य काढले, कलमे मला तोंडपाठ. तिला गल्लीतले सगळे नंबर तोंडपाठ.

कुणी नवी गाडी घेतली की ती घरी नेण्याआधी आमच्या गेटासमोर उभी राही. हा नियम कुणी केला ठाऊक नाही. पत्नी तबक घेऊन बाहेर येई, नंबरपाटीवर कुंकवाचे स्वस्तिक काढी आणि आकड्यांची मनातल्या मनात बेरीज करून म्हणे, "चांगला आहे हो नंबर." बेरीज काहीही आली तरी नंबर चांगलाच असे. पाटीवर काहीही रेखाटणे नियमात बसत नाही, हे मी दरवेळी निदर्शनास आणून देई. "मग माझ्यावर खटला भरा," असे म्हणून ती पेढ्याचा पुडा माझ्याच हातात देई.

दसरा हा तिचा मोठा दिवस. मखमलाबादकडचा एक फुलशेतकरी रोज सकाळी आपल्या टेम्पोतून पंचवटीतल्या फुलबाजारात माल नेत असे. दसऱ्याच्या सकाळी तो आमच्या गेटापाशी थांबून झेंडूच्या टोपल्या उतरवी. ओसरीवर बसून पत्नी साऱ्या गल्लीच्या गाड्यांसाठी माळा ओवी. पहिली माळ मात्र त्याच्या टेम्पोची. ती तो तिच्या हातूनच बांधून घेई. मी त्या वेळी आत टाइपरायटरची आणि कायद्याच्या पुस्तकांची पूजा करीत असे. बाहेरून हसण्याचे आवाज येत, ओल्या झेंडूचा वास येई, आणि मी टाइपरायटरच्या रोलरवर एक फूल ठेवून वर्षभराच्या पत्रांसाठी बळ मागत असे. ते दिवस आठवले, की त्या गल्लीवरचा माझा हक्क कुणीतरी परस्पर हस्तांतरित केल्यासारखे वाटते.

कारण पुढे बाग मोडली, रस्ता पलीकडच्या हमरस्त्याला जोडला गेला आणि दोन हजार सालानंतर आमची गल्ली जवळची वाट झाली. सिन्नरच्या कारखान्यांकडे कामगार नेणारी बस, दुधाच्या मोटारसायकली, रिक्षा, टेम्पो, सारे आमच्या गेटावरून सुसाट. मी गतिरोधकासाठी पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, स्मरणपत्रांची स्मरणपत्रे लिहिली. विषय विचाराधीन असल्याचे उत्तर येई. तो अनेक वर्षे विचाराधीनच होता.

अशाच एका दसऱ्याला, दिवेलागणीच्या सुमारास, पत्नी आपट्याची पाने घेऊन समोरच्या घरी निघाली होती. तिची किंकाळी ऐकून मी धावलो. ती रस्त्याच्या कडेला पडलेली, पाने विखुरलेली, आणि एक टेम्पो वळणावरून दिसेनासा होत असलेला. मी नंबर पाहिला, म्हणजे पाहण्याचा प्रयत्न केला. मागच्या पाटीवर झेंडूची भरगच्च माळ होती. एक अक्षर दिसले नाही.

नडगीचे हाड मोडले होते. चौकीत मी जबाब दिला. हवालदार भला माणूस होता.

"नंबर सांगा, काका."

"दिसला नाही. माळ होती."

"गाडीची काही खूण?"

"झेंडू."

त्याने पेन खाली ठेवले. "काका, आज अख्ख्या नाशकात झेंडू नसलेली गाडी दाखवा, तिला मी सोडून देतो. बाकीच्या सगळ्या आणू का?"

मागची मंडळी हसली. मी हसलो नाही. नोंदणी क्रमांक झाकणाऱ्या माळांवर बंदी घालावी, असे निवेदन मी त्याच आठवड्यात चार कार्यालयांना पाठवले. गल्लीत माझे नाव 'झेंडूकाका' पडले. समोरचे गृहस्थ येता-जाता विचारू लागले, "काय, आज शेवंतीवर अर्ज का?"

हे सारे सोसण्यासारखे होते. सोसवत नव्हते ते वेगळेच. प्लास्टर निघाले, वॉकर आला, डॉक्टरांनी रोज बाहेर चालायला सांगितले. परंतु पत्नी गेटाबाहेर पाऊल टाकेना. गाडीचा आवाज आला की ती दारातूनच मागे फिरे. जिच्या गेटाशी साऱ्या गल्लीच्या गाड्या येऊन उभ्या राहत, ती घरातच राहिली. नव्या गाडीचे पेढे आता शेजारणी आत आणून देत आणि ती बसल्या जागेवरून विचारी, "नंबर काय आहे हो?" मी मनाशी ठरवले, तो टेम्पो सापडला आणि त्याला शिक्षा झाली की हिची भीती जाईल. म्हणून कॅमेरा. टेम्पो या वाटेने एकदा आला आहे, तर पुन्हाही येईल.

पहिले काही दिवस मी केवळ अपमान पाहिला. जुना टीव्ही जोडून मी संध्याकाळी दिवसभराचे चित्रण पाहायला बसे. चित्र कृष्णधवल. अंधारात दिव्यांच्या झोतात पाट्या पांढऱ्याफटक पडत. दिवसा दिसत त्यांतल्या निम्म्या वाचण्यासाठी नव्हत्याच. कुठे आकड्यांना मिशा काढलेल्या, कुठे आकडे करंगळीएवढे आणि वर देवाचे नाव वीतभर. कॅमेरेवाल्याला पुन्हा बोलावले. "काका, तो गच्चीवरून गाड्यांची टाळकी बघतोय," असे म्हणून त्याने कॅमेरा काढला आणि गेटाच्या खांबावर, कमरेच्या उंचीवर बसवला. दुसऱ्या दिवसापासून एमएच पंधराची अख्खी फौज मला नावागावासकट दिसू लागली. तो आनंद मी लपवणार नाही.

आणि त्याच आठवड्यात मला एक टेम्पो दिसला. सकाळी, मी स्नानाला जातो त्या वेळी, तो आमच्या गेटासमोर येई आणि थांबे. हळू होत नसे, पुरता थांबे. चालक इंजिन बंद करून उतरे, फुलांची पुडी खांबावर ठेवी, घराकडे पाहून हात जोडी, थोडा वेळ तसाच उभा राही आणि निघून जाई. आदल्या दिवशी तेच. त्याच्या आदल्या दिवशी तेच. देवाची फुले कामाच्या बाई गेटावरून आणतात एवढेच मला ठाऊक होते. फुले ठेवायला इंजिन कशाला बंद करावे लागते?

पत्नी मेथी निवडत बसली होती. मी चित्र थांबवून विचारले, "हा कोण?"

"दिसतंय की. आपला दसऱ्याचा फुलवाला."

"रोज असा थांबतो?"

"थांबतो."

"गाडी बंद करून? का?"

"उलटतपासणी घेताय?"

"घेतो आहे."

"मग साक्षीदाराला आधी चहा तरी द्या."

मी चहा केला. तो तिने सावकाश संपवला. मग म्हणाली, "तोच होता."

मी ताडकन विचारले, "तुला नंबर दिसला होता?"

"नंबर कशाला दिसायला हवा? पुढची माळ दिसली. गल्लीतल्या गाड्यांना मी नुसता झेंडू ओवते. मधे मधे पांढरी शेवंती एकाच माळेत घालते, त्याच्या. सकाळी मीच बांधली होती ना."

तो स्वतःहून आला होता. अपघातानंतर काही दिवसांनी, मी चौकीत गेलो असताना. दारातच बसला आणि रडू लागला. "काकू, बिरेक लागलाच नाय. पब्लिक मारंल म्हनून पळालो. लय पाप झालं. आता साहेबांना सांगा, मला घालू द्या आत."

"आणि तू सांगितले नाहीस."

"त्याला मीच सोलून काढला. ब्रेक आधी नवे घाल म्हटलं. आणि रोज सकाळी माझ्या दारात गाडी पूर्ण थांबवायची, बंद करायची, मी मनात रामरक्षेचे चार श्लोक म्हणेपर्यंत चालू करायची नाही. जन्मभर. ही शिक्षा."

"शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे!"

"पाय माझा मोडला. तडजोड होते, तुम्हीच सांगायचात."

"दुखापतीच्या कलमात होते, तीही न्यायालयाच्या परवानगीने. बेदरकार वाहन चालवण्याच्या कलमात होत नाही. तिथे फिर्यादी सरकार असते."

"मग सरकारला सांगा, रोज सकाळी माझ्या दारात येऊन थांबायला." तिने मेथीची जुडी बाजूला सारली. "तुम्ही तक्रार द्याल, टेम्पो जप्त होईल. बरोबरच आहे तुमचं. पण मग थांबेल कोण? मी रोज खिडकीतून बघते. गाडी येते, आणि थांबते. रोज थांबते. एवढं बघितलं की मला वाटतं, जमेल आपल्याला बाहेर जायला."

मी त्या दोघांवरही संतापलो. तिच्यावर अधिक. त्याच बैठकीत तक्रारअर्ज टाइप केला, नंबरासह, कलमांसह, आणि पाकीट बंद केले. ते टाकायला निघणार, तर वाटले, आपण साक्षीदाराचे म्हणणे प्रत्यक्ष पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी स्नान पुढे ढकलून मी तिच्या मागे उभा राहिलो. खिडकीचा गज तिने घट्ट धरला होता. टेम्पो आला. त्याच्या मागे सिन्नरची बस होती, तिच्या मागे दुधाच्या मोटारसायकली, एक रिक्षा. गल्ली अरुंद, टेम्पो थांबला तशी ती सारी वरात करकचून थांबली. कुणी हॉर्न वाजवला, कुणी शिवी दिली. फुलवाला हात जोडून उभाच. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रांना न बधलेली वाहने चार श्लोकांपुरती गप्प उभी होती. इंजिन बंद झाले तेव्हा तिची बोटे गजावरून सैल झाली. ती ओठांतल्या ओठांत रामरक्षा म्हणत होती.

पाकीट मी टेबलाच्या खणात ठेवले. रद्द केले नाही.

पुढचा दसरा आला. सकाळी टेम्पो थांबला, टोपल्या उतरल्या. मी टाइपरायटरची पूजा अर्धी टाकून बाहेर गेलो. मला पाहून फुलवाल्याचा चेहरा उतरला.

"माळ," मी म्हणालो, "नंबरपाटीच्या वर बांधायची. पाटी दिसली पाहिजे. पुढची आणि मागची."

"व्हय साहेब."

"ब्रेक?"

"नवे हायेत साहेब. काकू दर आठवड्याला पुसत्यात."

"बाजूला व्हा," मागून आवाज आला. "तुम्हाला गाठ मारता येत नाही." पत्नी गेटात उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माळ. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. गेटाची उंबरठ्यासारखी लोखंडी पट्टी तिने ओलांडली, ती थबकली, आणि रस्त्यावर आली. मागे बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. ती मागे न वळता म्हणाली, "थांब रे बाबा, दिसत नाही का?" मी बसपाशी गेलो आणि तिचा नंबर मोठ्याने वाचला. हॉर्न बंद झाला.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ते चित्रण पाहिले. पाटी स्वच्छ वाचता येत होती. कृष्णधवल चित्रात झेंडू मातीसारखा दिसला. शेवंती मात्र ठळक, पांढरी. "बघा," ती म्हणाली, "मला कसं कळणार नाही?"

माझी तक्रार दाखल झाली नाही. खणात पडून राहिली आणि एके दिवशी तिची मुदत संपली. कायद्याने मी बरोबर होतो आणि आहे.

पुढे त्या फुलशेतीवर इमारती आल्या, टेम्पो यायचा थांबला. त्यानंतर आमच्या गेटासमोर एकदाचा गतिरोधक झाला. वाहने त्यावरून धाडकन उडतात, थांबत कुणीच नाही. त्याच्या सदोष उंचीबद्दल माझा पत्रव्यवहार चालू आहे. संध्याकाळी पत्नी गेटाबाहेर खुर्ची टाकून बसते, आणि नवी गाडी आली की काठीनेच तिला थांबायची खूण करते.