नखाने उघडणारं झाकण

आठवीतून शाळा सोडून मी गुहागरहून भाईंदर पूर्वेला आलो, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात. टचस्क्रीनचा पहिला फोन घेतला तेव्हाची गोष्ट. त्या दुपारी गावाकडे आईचं ऑपरेशन चाललं होतं. काका दवाखान्यातून कोणाच्या तरी फोनवरून कळवणार होते, आणि माझी बॅटरी संपली. गाळ्यात लाईट नव्हती. मी बंद फोनचं बटण दाबतच राहिलो.

माल भरायला आलेला टेम्पोवाला मघापासून बघत होता. इथल्याच काशीगावकडचा असावा. ओठ पानाने लाल, अंगठ्याचं नख वाढवलेलं.

"काय झाला रं?"

मी आईचं सांगितलं. त्याने माझा फोन उलटा करून पाहिला.

"माजा पन हाच हाय."

त्याच नखाने त्याने दोन्ही फोनची मागची झाकणं उघडली. स्वतःची बॅटरी काढून बाहीला पुसली आणि माझ्या फोनात बसवली.

"दादा, तुमच्या शेठचा फोन आला तर?"

"बोंबलू दे. त्याची आय घरी बरी हाय."

माल केव्हाच भरून झाला होता, पण तो निघाला नाही. रिकामा फोन मांडीवर घेऊन टेम्पोच्या पायरीवर बसून राहिला. माझी नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. शेवटी वाजला. आई शुद्धीवर आली होती.

बॅटरी परत दिली, नाव विचारायचं राहिलं.

आता माझा फोन भारी आहे, मागून गच्च बंद. तरी गाळ्यात कोणाचा फोन बंद पडला, की माझा अंगठा आपल्या फोनच्या पाठीवर फट शोधत फिरतो.