आठवा आरा

आमच्या घरात अंगात येणं, नजर लागणं यातलं काही मानत नाहीत. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो, तेवढंच. मीसुद्धा मानत नव्हते. हे वहीत लिहितेय, कारण तोंडाने सांगायची लाज वाटते...

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आम्ही आटगावजवळ राहायचो. माझे मिस्टर फौजेत, वर सरहद्दीच्या बर्फाळ डोंगरांत रसद पोचवणाऱ्या तुकडीत ड्रायव्हर होते. त्यांच्या खांद्यावर कापडी बिल्ला असायचा. खाली नाल, वर आठ आऱ्यांचं चाक. "आधी खेचरांवरून धान्य जायचं, म्हणून नाल. मग गाड्या आल्या, तवा वर चाक बसवलं. पण नाल काढली नाय. खेचरांनी लय पोरं जगवली," हे सांगायचे.

एका सुट्टीत बघितलं तर चाकाचे पिवळे धागे झिजलेले. मी ते उसवून नव्याने भरले. निघायच्या सकाळी सासूबाईंनी बिल्ला हातात घेतला.

"काय गो, सातच आरे? आपल्या धम्मचक्राला आठ असतात, ते तरी मोजायचंस!"

हे हसले. "चौथी पास ती, आठाला कशी पोचंल? राहू दे आता, गाडी चुकंल. पुढल्या सुट्टीला भर."

मला मात्र हसू आलं नाही.

नंतर महिनाभर पत्र नाही. पौष पौर्णिमेला घरचे म्हसा गावच्या जत्रेला बाजार करायला गेले, मी एकटीच मागे राहिले. दुपारी राहवेना. तोच पिवळा दोरा घेतला आणि पांढऱ्या चिंधीवर एकच आरा भरला. मागे दुहेरी गाठ मारली – माझी सवय. चिंधी तांदळाच्या डब्यात ठेवली. का ठेवली, मलाच माहीत नाही.

होळीच्या आधी हे आले. दोन बोटं काळी पडलेली. आठ गाड्या निघाल्या होत्या, सात पोचल्या. यांची शेवटची, बर्फात अडकली.

"तीन दिवस काय दिसत नव्हतं. पौर्णिमेला दुपारी धुकं फाटलं, नि समोर रस्ता... सरळ, रेघ मारल्यासारखा."

बिल्ला धुवायला काढला, तर चाकाला आठ आरे. उलटा करून बघितला – आठव्यामागे दुहेरी गाठ.

"तुमी शिवलात?"

"मी? येडी का काय? मला सुईत दोरा ओवता येतो का?"

मी डब्यात हात घातला. चिंधी कोरी होती. नुसती सुईची भोकं, एका ओळीत.

दोरा इथून तिथे कसा गेला, मला आजही कळत नाही. यांना अजून सांगितलेलं नाही. हे आता वाशिंदला वॉचमन आहेत, संध्याकाळी घरी येतात. तरी सकाळी ते निघाले की मी पेटीतून बिल्ला काढते, बोट ठेवून आरे मोजते. आठ भरले की मगच कामाला लागते.